दुनळीच्या पोटावरचे शिक्के

लंडनहून महाराष्ट्रात गेलेली शस्त्रे म्हटली की तुम्हाला काय आठवेल, हे सांगायला ज्योतिषी नको. इंडिया हाउसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन, त्याच्या ट्रंकेचा चोरकप्पा, सावरकरांनी पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकच्या थिएटरात झालेला कलेक्टर जॅक्सनचा वध. शाळेत शिकलेला हा इतिहास कुणी विसरत नाही. पण त्याच काळात ब्रिटनमधून आपल्याकडे दुसऱ्याही बंदुका जात होत्या. पेटीवर नाव-गाव घालून, जकात भरून, राजरोस. दोन नळ्या शेजारी शेजारी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आत छर्ऱ्याची काडतुसे. आपल्याकडे तिला दुनळी म्हणतात, किंवा नुसतीच 'बारा बोअरची'. तिच्याबद्दल आपण फारसे लिहीत नाही. कदाचित ती क्रांतिकारकांच्या हातात कमी आणि इनामदार-जहागीरदार-फॉरेस्ट अधिकाऱ्यांच्या दिवाणखान्यात जास्त दिसायची म्हणून असेल.

तुमच्यापैकी काहींच्या घरी ती असेल. आजोबांच्या फोटोत असेल, खुर्चीला टेकवून उभी केलेली. वाड्यातल्या लोखंडी कपाटात असेल, नाहीतर वडील गेल्यावर पोलीस ठाण्यात जमा झालेली असेल आणि भाऊ फोनवर विचारत असेल, "काय करायचं तिचं?" काहींनी तर इथे, ब्रिटनमध्ये, सासऱ्यांकडून किंवा एखाद्या इंग्रज शेजाऱ्याच्या मृत्युपत्रातून अशी बंदूक मिळालेली पाहिली असेल. प्रश्न दोन्हीकडे सारखाच. ही जुनी, गंजलेली, घोडे सैल झालेली वस्तू दुरुस्त करायची का, आणि करायची तर किती? माझे म्हणणे एवढेच आहे की हात लावण्याआधी ती वाचा. तिच्यावर लिहिलेले असते, आणि घासून-पुसून लख्ख करण्याच्या उत्साहात नेमके तेच पहिल्यांदा जाते.

वाचायचे कुठे, ते सांगतो. बहुतेक लोक वरची पट्टी वाचतात. दोन नळ्यांना जोडणारी जी लांब पट्टी असते तिच्यावर सुंदर अक्षरांत दुकानदाराचे नाव कोरलेले असते. लंडन, कलकत्ता, मुंबई. घरात पिढ्यान्‌पिढ्या "आपली बंदूक लंडनची" असे सांगितले जाते ते या पट्टीच्या भरवशावर. पट्टीवर विसंबू नका. पट्टीवर विकणाऱ्याचे नाव असते, घडवणाऱ्याचे असेलच असे नाही. मुंबईत काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे, तुम्ही तिच्यासमोरून शंभरदा गेला असाल. आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीने मुंबईची शाखा १८९१ साली उघडली. साबणापासून तंबूपर्यंत सगळे मिळायचे, आणि बंदुकाही. त्यांच्यावर नाव सोसायटीचे, पण त्यातल्या पुष्कळशा घडवलेल्या असत बर्मिंगहॅममध्ये. कलकत्त्याच्या मँटन, रॉडा, लायन अँड लायन या दुकानांच्या मालाचीही हीच कथा.

खरे वाचन नळ्यांच्या पोटावर. बंदूक मोडून (म्हणजे बिजागरीवर उघडून) नळ्या वेगळ्या काढल्या की मागच्या टोकाला, खालच्या अंगाला, बोट-दोन बोटे सपाट जागा असते. बंदूक बंद असताना ती दिसत नाही, त्यामुळे तिथे कुणी नक्षी करत नाही. तिथे असतात ते बारीक ठसे: मुकुट, अक्षरे, आकडे. हे प्रूफचे शिक्के. प्रूफ म्हणजे चाचणी. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा. नळी टिकली तर शिक्का, फाटली तर भंगार. लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीला १६३७ साली पहिल्या चार्ल्स राजाची सनद मिळाली. त्यांचे प्रूफ हाउस आजही व्हाइटचॅपलच्या कमर्शियल रोडवर आहे, ब्रिक लेनला जेवायला जाता तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. बर्मिंगहॅमला स्वतःचे प्रूफ हाउस मिळाले ते १८१३ साली, संसदेच्या कायद्याने. बॅनबरी स्ट्रीटवरच्या त्या जुन्या इमारतीत अजूनही रोज बार निघतात.

हे ठसे म्हणजे बंदुकीचा जन्मदाखला. लंडनचा शिक्का असेल तर मुकुटाखाली 'जीपी' ही अक्षरे गुंफलेली आणि दुसरा 'व्ही'. १९०४ च्या आधीची बर्मिंगहॅमची नळी असेल तर मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड. १९०४ नंतरची असेल तर मुकुटाखाली 'बीपी', 'बीव्ही', आणि धूर न करणाऱ्या नव्या दारूसाठी तपासली असेल तर 'एनपी'. लंडनच्या नव्या दारूच्या शिक्क्यात तलवार धरलेला हात असतो. 'नॉट फॉर बॉल', म्हणजे गोळीसाठी नव्हे, अशी अक्षरे दिसली तर नळी १८७५ ते १८८७ यांमधली, टोकाला किंचित अरुंद केलेली. चौकटीतला १२ आकडा म्हणजे बारा बोअर. त्या आकड्याचा अर्थही गंमतीचा आहे. एक पौंड शिशाचे समान बारा गोळे केले तर एकेका गोळ्याचा जो व्यास, तेवढी नळीची रुंदी. साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून बारा बोअरपेक्षा वीस बोअरची बंदूक लहान. लोकांना हे उलटे वाटते.

एवढे वाचले की पट्टीवरची 'लंडन' बऱ्याचदा गळून पडते आणि खाली राहते बर्मिंगहॅम. मला त्यात कमीपणा वाटत नाही, उलट तिथून पुढची गोष्ट जास्त रंजक आहे.

बर्मिंगहॅमच्या मध्यभागी स्टीलहाउस लेनच्या आसपासचा भाग गन क्वार्टर म्हणून ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकात इथे बंदूक 'बनवणारा' असा एक माणूस शोधून सापडला नसता. नळी वळवणारा वेगळा, तिचे भोक पाडणारा वेगळा, लॉक घासणारा, दस्ता बसवणारा, नक्षी कोरणारा, नळीला रंग चढवणारा, सगळे वेगवेगळे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत अर्धवट बंदुका पोरांच्या हातांतून फिरत. आपल्याकडच्या पैठणी किंवा तांबट आळीचा कारभार ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे सांगायला नको. याच गल्ल्यांतून पश्चिम आफ्रिकेच्या गुलामांच्या व्यापाराला बंदुका गेल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेलाही गेल्या. कारागिराचे नाव मात्र कुठेच नाही. क्वचित नळीच्या पोटावर, शिक्क्यांच्या शेजारी, नळी बनवणाऱ्याची एक-दोन आद्याक्षरे सापडतात. दुकानदाराला अडचण होणार नाही अशा जागी. १९६० च्या दशकात शहराचा इनर रिंग रोड झाला तेव्हा गन क्वार्टरचा बराच भाग पाडला गेला. थोड्या कार्यशाळा अजून तग धरून आहेत.

बर्मिंगहॅमने या बंदुकीला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे १८७५ साली वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातल्या अॅन्सन आणि डीली या दोघांनी काढलेली रचना. बाहेरचे घोडे गेले, यंत्र आत गेले, आणि नळ्या खाली वाकवल्या की आपोआप चाप चढू लागला. भाग कमी, खर्च कमी, बिघाड कमी. वसाहतींमध्ये जी दुनळी पोचली तिच्यात या रचनेचा वाटा फार मोठा. तुमच्या घरच्या बंदुकीला बाहेर घोडे नसतील आणि मधल्या पोलादी भागाची मागची कड सरळ उतरत असेल, तर ती बहुधा याच वंशातली.

आता ती आपल्याकडे कुणाच्या हातात पोचली, तेही पाहा. हा भाग घरच्या मंडळींना फारसा आवडत नाही.

१८७० साली ब्रिटनमध्ये बंदूक परवान्याचा कायदा झाला. घराच्या आवाराबाहेर बंदूक न्यायची असेल तर वर्षाला दहा शिलिंग भरायचे आणि पोस्टात जाऊन कागद घ्यायचा. चारित्र्याची चौकशी नाही, कारण विचारणे नाही. तो कर होता, पारख नव्हती. आठ वर्षांनी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या काळात हिंदुस्थानात शस्त्रांचा कायदा आला. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. शस्त्रांच्या कायद्यात युरोपियनांना सूट होती, काही मानकऱ्यांना होती. बाकी हिंदी माणसाला परवाना लागे आणि तो देणे न देणे सरकारी अधिकाऱ्याच्या मर्जीवर. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने या कायद्यात बदल मागणारा ठराव केला, आणि पुढे वर्षानुवर्षे ही तक्रार चालू राहिली. म्हणजे एकाच गल्लीत घडलेल्या, एकाच दिवशी प्रूफ झालेल्या दोन बंदुका घ्या. एक श्रॉपशरच्या शेतकऱ्याने पोस्टात दहा शिलिंग टाकून खांद्यावर टाकली. दुसरीसाठी सातारा जिल्ह्यातल्या कुणाला तरी कलेक्टर कचेरीत आपली निष्ठा सिद्ध करावी लागली.

तेव्हा आजोबांच्या, पणजोबांच्या नावाचा परवाना पिवळ्या कागदात घडी घालून ठेवलेला सापडला तर तो नीट वाचा. तो पराक्रमाचा दाखला नाही. या माणसावर सरकारचा भरवसा आहे, एवढेच तो सांगतो. संस्थानांत राहणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी, तिथे मर्जी राजाची. पण इंग्रजी मुलखात ज्याच्या घरी दुनळी होती तो बहुतेक वेळा साहेबाच्या ओळखीतला होता. पाटील, वतनदार, डॉक्टर, वकील, रँग्लर, रावबहादूर. मी हे दोष म्हणून सांगत नाही. माणसे आपापल्या काळात जगतात. पण त्या बंदुकीने वाघ मारल्याच्या गोष्टी जितक्या रंगवून सांगितल्या जातात, तितकी ही गोष्ट सांगितली जात नाही. दस्त्याच्या खालच्या अंगाला बऱ्याच बंदुकांना चांदीचा किंवा पितळेचा छोटा लंबगोल तुकडा असतो, मालकाची आद्याक्षरे कोरण्यासाठी. ती तुमच्या आडनावाशी जुळतात का बघा. जुळत नसतील तर बंदूक आधी दुसऱ्या कुणाची तरी होती, कदाचित मायदेशी परतणाऱ्या एखाद्या साहेबाची.

ज्याच्यासाठी परवान्याची अट नव्हतीच असा एक हिंदी माणूस इंग्लंडमध्ये होता, आणि त्याची आठवण इथे निघतेच: महाराजा दुलीपसिंग. राज्य गेले, कोहिनूर गेला, आणि सफोकमधल्या एल्वडेन इस्टेटीवर ते इंग्लंडमधल्या अव्वल नेमबाजांत गणले जाऊ लागले. एका दिवसात हजार काडतुसांत ७८० तित्तिर पाडल्याचा त्यांचा हिशेब शिकारीच्या पुस्तकांत आजही सांगतात. पंजाबचे सिंहासन काढून घेतलेल्या माणसाला बंदुका हव्या तितक्या घेऊ दिल्या, कारण समोर तित्तिरच होते. थेटफर्डला त्यांचा घोड्यावरचा पुतळा आहे. त्या बाजूला गेलात तर पाहून या.

असो. बंदूक समोर टेबलावर आहे, शिक्के वाचून झाले, फोटो काढून झाले. आता दुरुस्ती. (हे सगळे परवाना असलेल्या कारागिराच्या हातून, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगतो.)

आपल्याकडे जुन्या काळी हत्यारांची देखभाल जिनगर, लोहार, शिकलगार यांच्याकडे असे. शिकलगाराचे काम तलवारीला झील आणणे. तलवारीला ते शोभते. दुनळीला शिकल केली की ती संपली. नळीची भिंत टोकाकडे कागदासारखी पातळ होत जाते. जाणकार कारागीर ती इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात आणि वीस हजारांशापेक्षा, म्हणजे सुमारे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा, कमी भरली तर मान हलवतात. आतले गंजाचे खड्डे घासून काढायचे म्हणजे ही भिंत आणखी पातळ करायची. शिवाय आतली रुंदी शिक्क्यातल्या आकड्यापेक्षा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की बंदूक 'प्रूफबाहेर' जाते. आणि प्रूफबाहेरची बंदूक विकणे हा ब्रिटनमध्ये १८६८ पासून गुन्हा आहे. म्हणून शहाणा कारागीर आधी मोजतो, मग गप्प बसतो, आणि बऱ्याचदा सांगतो, "खड्डे राहू द्या."

नळीवर लाटांसारखी, पानांसारखी नक्षी दिसत असेल तर विशेष सांभाळा. ती वरून कोरलेली नाही. लोखंड आणि पोलादाच्या सळ्या एकत्र पिळून, त्यांची पट्टी गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून ही नळी बनली आहे. नक्षी म्हणजे त्या पिळाचे वळसे. तिला दमास्कस नळी म्हणतात. पट्टी वळवून नळी करण्याची कल्पना इंग्रजांची नव्हे. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांच्या नळ्याही अशाच बनत आणि 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या कारखान्याच्या वर्णनात ती येते. ही नक्षी दिसते ती गंजाच्या मदतीने. आम्लाचे सौम्य मिश्रण लावायचे, हळूहळू गंज चढू द्यायचा, ब्रशने तो उतरवायचा, पुन्हा लावायचे. असे कित्येक दिवस. लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या तऱ्हेने गंजतात, त्यामुळे एक वळसा काळपट, एक तांबूस होतो. अनाडी माणूस हीच नळी आजच्या पद्धतीने गरम क्षारांच्या कढईत बुडवून निळीकाळी करतो. त्यात दोन नळ्या आणि पट्टी यांना जोडणारे कथलाचे डाग सुटतात, आणि सहा महिन्यांनी पट्टी खुळखुळायला लागते.

अशा नळीतून आता बार काढायचा का, हा प्रश्न येतोच. जुन्या काळ्या दारूसाठी तपासलेली नळी नव्या दारूला चालेल असे गृहीत धरू नये. पुन्हा प्रूफला पाठवता येते आणि कित्येक दमास्कस नळ्या त्यातून पारही पडतात. पण पार न पडल्यास परत येतो तो भंगाराचा तुकडा. आणखी एक बारकावा आहे. जुन्या बारा बोअरमध्ये काडतुसाचे घर अडीच इंचांचे असते. आजचे पावणेतीन इंचांचे काडतूस त्यात बिनबोभाट बसते, कारण त्याचे तोंड मिटलेले असते. बार झाला की तोंड उघडते, जागा पुरत नाही, दाब चढतो. वारशाची बंदूक घेऊन हौसेने दिवाळीत एक बार काढणाऱ्या चुलतभावाला हे कुणीतरी सांगायला हवे.

लाकडाचे काम मात्र आनंदाचे. वर्षानुवर्षे बंदूक उभी ठेवल्याने यंत्राला घातलेले तेल खाली उतरत दस्त्यात मुरते आणि लाकूड काळे, भुसभुशीत होते. (म्हणूनच इथले जुने लोक बंदूक नळ्या खाली करून ठेवतात.) हे तेल खडूच्या बारीक भुकटीचा लेप लावून दिवसेंदिवस शोषून घ्यावे लागते. पोचे असतील तर ओले फडके आणि गरम इस्त्री. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. पॉलिशपेपर लावायचा नाही, नाहीतर लाकूड भोवतीच्या पोलादापेक्षा खाली जाते आणि ते कायमचे दिसते. मग तेल. इंग्रज कारागिरांचे प्रसिद्ध 'लाल तेल' म्हणजे काय, तर जवसाच्या तेलात अल्कानेट नावाची मुळी भिजवून काढलेला लाल रंग. ही मुळी तुमच्या ओळखीची आहे. आपण रतनजोत म्हणतो ती याच कुळातली. जिने रोगनजोशाला रंग येतो आणि जी आजी केसांच्या तेलात टाकायची, तिनेच बर्मिंगहॅमच्या अक्रोडाला तो खोल तांबूसपणा येतो. हाताच्या तळव्याने, थेंब-थेंब, रोज एक पातळ थर. घाई केली की चिकट होते. महिना लागतो. मला या सगळ्या कामात हाच भाग सर्वांत प्रिय आहे आणि तो घरात सोडल्यावर बाकीचे कुणीही करावे.

स्क्रू हा आणखी एक पुरावा. चांगल्या बंदुकीच्या स्क्रूंच्या खाचा मूळ बसवणीत एका रेषेत असतात, आणि त्या इतक्या बारीक की बाजारातला स्क्रूड्रायव्हर त्यात बसतच नाही. कारागीर प्रत्येक खाचेसाठी पाते घासून बसवतो. खाचा कुरतडलेल्या दिसल्या तर समजा, घरातल्या कुणीतरी एका रविवारी 'उघडून बघितले' आहे.

आता कायदा. इथे बरेच जण फसतात, कारण 'अँटिक' या शब्दाचे दोन देशांत दोन अर्थ आहेत. ब्रिटनमध्ये वस्तू किती जुनी, एवढ्याने भागत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची हवी आणि शिवाय तिची पेटवण्याची पद्धत किंवा काडतूस कालबाह्य यादीत हवे. कोकणात ज्याला ठासणीची बंदूक म्हणतात तशी अस्सल जुनी, तोंडाकडून भरायची बंदूक शोभेसाठी भिंतीवर ठेवली तर परवाना लागत नाही. पण मधोमध टोपी असलेले बारा बोअरचे काडतूस आजही दुकानात मिळते. म्हणून १८८५ सालची बारा बोअरची दुनळी कायद्याच्या दृष्टीने कालच घेतलेल्या बंदुकीसारखीच. शॉटगन सर्टिफिकेट लागणारच. ते पोलिसांकडून मिळते. १९६८ सालापासून ही व्यवस्था आहे, पोस्टातले दहा शिलिंग इतिहासजमा झाले. घरातले कुणी वारले आणि मागे बंदूक राहिली तर वारसाने ती कपाटात तशीच ठेवून बसू नये. पोलिसांकडून तात्पुरता परवाना घ्यावा, किंवा नोंदणीकृत विक्रेत्याकडे ठेवायला द्यावी.

कागदपत्रांच्या कटकटीतून सुटायला काही जण बंदूक 'निकामी' करून घेतात. मग सर्टिफिकेट लागत नाही, हे खरे. पण आजच्या निकषांप्रमाणे निकामी करणे म्हणजे नळ्या कापणे, भोके पाडणे, भाग वितळवून जोडणे. ज्या नळीचे वळसे दाखवायला कुणीतरी महिनाभर गंज चढवला-उतरवला, तिच्यात आरपार चीर. मी तरी हा पर्याय शेवटचा मानतो.

भारतातली बाजू पूर्ण उलटी. तिथल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातून जुनाट हत्यारांना सूट आहे, पण कधी? ती दुरुस्त करूनही चालू शकणार नसतील तेव्हा. म्हणजे आपण ज्या दुरुस्तीचा विचार करतोय तिची शक्यता असणे हेच परवाना लागण्याचे कारण. २०१६ च्या नियमांत वारसाला परवाना मिळण्याची तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा तो सत्तरीचा झाल्यावर, किंवा पंचवीस वर्षे परवाना बाळगल्यावर. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहू शकतात, वारशाची असली तरी. तिकडे राहणारा भाऊ किंवा बहीण अर्ज करणार नसेल तर बंदूक ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा होते आणि तिथे वर्षानुवर्षे तेलाच्या थेंबाविना पडून राहते. बाबा हयात असतानाच हा विषय काढा, असे म्हणायला कसेसेच वाटते, पण काढा.

"मग इकडेच आणू" असे कुणाच्या मनात आले तर तेही सोपे नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी, ऐतिहासिक मोलाची किंवा गतकाळच्या कारागिरीचा नमुना असलेली वस्तू भारताबाहेर नेता येत नाही. १८९५ ची तुमची दुनळी त्यात येऊ शकते. म्हणजे बर्मिंगहॅमच्या एका गल्लीत जन्मलेली वस्तू भारतात राष्ट्राचा ठेवा म्हणून अडकणार, आणि जिथे जन्मली तिथे आणली तर साधी बारा बोअर म्हणून मोजली जाणार.

वारशाच्या बंदुकीचे जे उदाहरण मला पुन्हा पुन्हा आठवते ते मात्र उलट्या दिशेचे आहे. बर्कशरमधल्या एका घराच्या माळ्यावर एका कुटुंबाला काही जुन्या वस्तू सापडल्या. त्यांचा पूर्वज मेजर थॉमस हार्ट, ईस्ट इंडिया कंपनीतला. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले तेव्हाची ती लूट होती: तलवारी, सुपारीचा डबा आणि त्यात अजून सुपाऱ्या, आणि टिपूच्या शस्त्रागारातली वीस बोअरची एक चकमकीची बंदूक, संगिनीसह. मार्च २०१९ मध्ये लिलाव झाला. भारतीय उच्चायुक्तालयाने वस्तू परत देण्याची विनंती केली होती, तरी झाला. बंदूक साठ हजार पौंडांना गेली. आपल्या दृष्टीने आणखी एक धागा आहे. त्याच श्रीरंगपट्टणाच्या तटाखाली १७९२ साली कॉर्नवॉलिसच्या फौजेशेजारी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा होत्या. त्या शस्त्रागारातल्या बंदुका मराठ्यांवरही रोखल्या गेल्या असणार.

पण मला लक्षात राहिले ते वेगळेच. त्या बंदुकीवर लढाईत झालेल्या मोडतोडीच्या खुणा होत्या आणि दोनशेवीस वर्षांत त्या कुटुंबातल्या कुणीही त्या दुरुस्त केल्या नव्हत्या. आदर होता, आळस होता की विसर, सांगता येणार नाही. विसरच असावा. तरीही बोली लागली ती त्या खुणांसकट. कुणी हौशी नातवाने ती एकदा घासून, लाकूड बदलून, नवी करून ठेवली असती तर ती टिपूची होती हे लिलावदाराला नुसते म्हणावे लागले असते.

तेव्हा भावाला फोन करा. बंदूक रिकामी आहे ना, हे परवानाधारकाकडून किंवा विक्रेत्याकडून तपासून घ्यायला सांगा. मग त्यांनाच नळ्या उतरवून पोटावरच्या सपाट जागेचा, आडव्या उजेडात, जवळून फोटो काढायला सांगा. एक शिक्क्यांचा, एक क्रमांकाचा, एक दस्त्यावरच्या आद्याक्षरांचा, एक जुन्या परवान्याचा. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांच्यासारख्या घराण्यांच्या जुन्या वह्या आहेत. क्रमांक कळवला तर बंदूक कोणत्या साली, कुणासाठी बनली ते बऱ्याचदा सापडते. आर्मी अँड नेव्हीची कागदपत्रे ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. उत्तर यायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत बंदुकीला कुणी पॉलिश लावू नये, एवढे फोनवर दोनदा सांगा.